कुरणातलं हे बारीक पिवळ्या फुलाचं चिवट झुडूप कोणतं? ढोरं तोंड लावत नाहीत, कापलं तरी फुटते

कुरणवाला_आर्वी

राम राम मंडळी. मी वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातला कास्तकार. आमच्याकडे पावणेतीन एकर बरडाचा तुकडा आहे, आजोबांच्या काळापासून तो कधी नांगरला नाही, फक्त गवतासाठी राखलेला. पवन्या, मारवेल, मधेमधे कुसळी आणि वरच्या टोकाला थोडी तिखाडी असं मिसळ गवत. पावसाळाभर त्यात ढोरं घालत नाही, दिवाळी झाली की मजूर लावून कापतो, वाळवतो, पेंढ्या बांधून कोठ्यामागं गंजी लावतो आणि त्याच्यावरच आमच्या सात गवळाऊ जनावरांचा उन्हाळा निघतो.

तर झालं असं की दोनेक वर्षांपासून या कुरणात एक झुडूप वाढायला लागलं. आधी कुंपणाच्या बाजूला दहा-वीस झाडं होती, मी लक्ष दिलं नाही, आता पोळा होऊन तीन आठवडे झाले आणि आज जाऊन पाहिलं तर एक-तृतीयांश कुरणात तेच ते. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंची, काडी लाकडासारखी टणक, बुडाशी करंगळीएवढी जाड. पान लांबट, अरुंद, टोकदार, कडेला करवतीसारखे दाते. फूल फिकट पिवळं, पाच पाकळ्यांचं, नखापेक्षा थोडं मोठं, पानाच्या बगलेतून एक किंवा दोन निघतात. सकाळी दहाच्या सुमारास गेलो तर सगळं पिवळं पिवळं दिसते आणि दुपारी जेवण करून गेलो तर एकही फूल उघडं सापडत नाही.

ढोरं त्याच्या आजूबाजूचं गवत खातात पण त्याला तोंड लावत नाहीत. मागच्या दिवाळीत गवतासोबत तेही कापल्या गेलं, बायांच्या हाताला फोड आले इतकी काडी चिवट, आणि गव्हाणीत टाकलं तर ढोरांनी गवत निवडून खाल्लं, काड्या तशाच ठेवल्या. कापलेल्या जागी यंदा एकाऐवजी चार-चार फुटवे आलेत म्हणजे हे दरवर्षी बी पडून उगवणारं नाही, बुडापासूनच पुन्हा येते असं वाटते. उपटायला गेलो तर मूळ येतच नाही, वरची काडी सोलून साल हातात येते.

शेजारी म्हणतो तरोटा आहे. काका म्हणतात पेटारी. तालुक्याच्या एका कृषी केंद्रात मोबाईलवर फोटो दाखवला तर त्यानं नाव न सांगताच बाटली समोर ठेवली, हे मारा सगळं जळून जाते. मी घेतली नाही. आधी हे आहे काय ते कळू द्या, त्याशिवाय मी पंप उचलणार नाही. कोणाला ओळखू येते का?


धुऱ्यावरचा

तरोटाच असन भाऊ. पिवळं फूल अन् ढोरं खात नाही म्हटल्यावर दुसरं काय. आमच्या इकडं पडीत सगळं त्यानंच भरलं आहे.


बॉटनीवाली_ताई

दादा, तरोटा नक्की नाही. तरोट्याचं एक पान म्हणजे एका काडीवर समोरासमोर तीन जोड्या पानं असतात आणि संध्याकाळी ती मिटतात, शिवाय त्याला चवळीसारखी लांब बारीक वाकडी शेंग येते. तुम्ही सांगताय ते एकेकटं दातेरी पान आहे. आणि तरोटा वर्षायू आहे, पावसावर उगवतो आणि हिवाळ्यात वाळून मरतो, बुडापासून फुटत नाही. हा फरक तुम्ही स्वतःच बरोबर पकडलात, तो फार महत्त्वाचा आहे.

मी अमरावती जिल्ह्यात कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि माझं माहेर शेतकऱ्याचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका. सकाळी फूल उघडं असताना एक तोडून मधोमध बघा. पुंकेसर सुटे सुटे नसून सगळे एका बारीक दांडीवर गुच्छासारखे जोडलेले दिसतील. भेंडीचं फूल, अंबाडीचं फूल, जास्वंद आठवा, तशीच रचना, फक्त बारीक. तसं असेल तर हे झाड कापसाच्या खानदानातलं आहे, आपल्या पऱ्हाटीचं नातेवाईक. साल सोलून हातात येते म्हणालात ना, तीही त्याच घराण्याची खूण, अंबाडीचा वाख निघतो तसाच हा धागा. पान बोटांत चुरून पाण्याचा थेंब टाका, बुळबुळीत लागेल, म्हणून तर याला चिकना म्हणतात.

मला वाटतं ही चिकन्याचीच एक जात आहे, शास्त्रीय नाव सिडा अक्युटा, पुस्तकी मराठीत तुपकडी. पण फोटो नसताना एका वर्णनावर मी शिक्का मारणार नाही कारण या गटातली चार-पाच झाडं आपल्याकडे एकाच पडीत जागेत मिळतात आणि गावात सगळ्यांना चिकना नाहीतर बला म्हणून मोकळे होतात. उद्या कुरणात जाल तेव्हा एवढं बघून सांगा.

पान मखमलीसारखं मऊ आणि हृदयाच्या आकाराचं आहे का? असेल तर ती खरी बला, सिडा कॉर्डिफोलिया, जिची मुळी वैद्य लोक वापरतात. पान शंकरपाळ्यासारखं म्हणजे मधे रुंद, बुडाकडे निमुळतं, खालून राखाडी, आणि फुलाचा देठ चांगला लांब आहे का? मग ती सिडा ऱ्हॉम्बिफोलिया. तुपकडीचं पान भाल्याच्या पात्यासारखं, जवळजवळ गुळगुळीत, फुलाचा देठ आखूड, आणि फांदीवर पानं दोन रांगांत पसरलेली दिसतात, जणू फांदी इस्त्री करून सपाट केली आहे. अजून एक बारीक खूण आहे जी मला सगळ्यात आवडते. पान काडीला जिथं चिकटतं तिथं दोन्ही बाजूंनी एकेक छोटं पातं असतं. तुपकडीत ही दोन पाती सारखी नसतात, एक दोऱ्यासारखं बारीक आणि दुसरं रुंद.

आणि फळ. सुकलेलं फळ चुरलं की लसणासारख्या फाका सुट्या होतात. त्या मोजा. पाच ते आठ असतील तर तुपकडी, दहाच्या आसपास असतील तर बाकीच्या दोघींपैकी एक. फाकेच्या टोकाला दोन कुसळं आहेत का तेही बघा. फुलाच्या हिरव्या वाटीखाली आणखी तीन बारीक हिरवी पाती दिसली तर मात्र सिडा सोडून द्या, ते वेगळंच झाड निघेल, मालव्हेस्ट्रम नावाचं.

काकांची पेटारी पण याच घराण्यातली, त्यांचा अंदाज अगदीच चुकीचा नाही, पण ती पुरुषभर वाढते, पान मोठं आणि पांढुरकं मऊ, फूल नारिंगी-पिवळं आणि उमलतं संध्याकाळकडे, आणि फळ गोल चाकासारखं, खाचाखाचांचं, शिक्का असावा तसं. म्हणून तर तिला मुद्रा म्हणतात. तुमचं फूल दुपारी मिटतंय म्हणजे ती नाही.


पऱ्हाटीवाला_दारव्हा

भौ, ताईनं सांगतलं ते मोजमाप करा, पण त्याच्या आंधी मी एक गोष्ट सांगतो काहून का माह्या वावरात होऊन गेली हाय. त्या दुकानदारानं जी बाटली समोर ठेवली तिच्यावरचं नाव वाचून या. माह्या अंदाजानं थे २,४-डी असन. गवताले काही होत नाही अन् रुंद पानाचं सारं जळते म्हणून कुरणासाठी थेच देतात, अन् थे खरंबी हाय, गवत वाचते. पण तुमच्या कुरणाच्या बाजूनं पऱ्हाटी हाय का नाही? आर्वीत हाय म्हणजे असनच.

चार वर्साआंधी माह्या वावराच्या धुऱ्यापलीकडच्या पडीतात एकानं हे औषध मारलं. वारा माह्याकडं होता. सात-आठ दिवसात माह्या पऱ्हाटीची पानं अशी झाली का पानं म्हणू का भेंडी म्हणू, लांब लांब, बोटासारखी, शिरा एकत्र आलेल्या, शेंड्याची नवी पानं तर आवयलेल्या मुठीसारखी. धुऱ्यापासून चाळीस तासं तरी गेली. पाती-फुलं गयून पडली. मले आंधी वाटलं रोग आला, मी दोन फवारे बुरशीनाशकाचे मारले, पैसे गेले, मंग कृषी विद्यापीठाच्या एका माणसानं पान पायलं अन् एका झटक्यात सांगतलं का हे तणनाशकाचं हाय. पऱ्हाटी या औषधाले लय नाजूक हाय, उलीशी वाफ लागली तरी दाखवते. अन् ताईनं सांगतलं ना का हे तण पऱ्हाटीच्याच खानदानातलं, तवा इचार करा, जे औषध याले मारन थे तिले सोडन का.

दुसरं, ज्या पंपानं हे मारलं थो पंप पुन्हा पऱ्हाटीत न्यायचा नाही. कितीबी धुवा, नळीत रायते. ज्याइले मारायचंच हाय त्याइनं पंप येगळा ठेवा, त्याच्यावर रंगानं खूण करा.

अन् फवारा मारणाऱ्या माणसाचं पण पाहा राजेहो. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली, थे औषधं येगळी होती पण पंप पाठीवर घेणारा माणूस थोच असते, मजूर. उघड्या अंगानं, उलट्या वाऱ्यानं, कमरेएवढ्या झाडात घुसून मारायचं म्हणजे अर्धं औषध मांडीवर येते. तीन एकराच्या आतलं काम हाय, हातानं होते. आंधी हातानं करून पाहा.

आणखी एक. हा चिकना अन् पेटारी दोन्ही मी माह्या धुऱ्यावर ठेवत नाही. पऱ्हाटीवरचा पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, ठिपक्याची बोंडअयी, हे सारे उन्हायात पऱ्हाटी नसते तवा याच्यावर रायतात. म्हणून तुमचं कुरण साफ झालं तर शेजाऱ्याच्या पऱ्हाटीलेबी बरंच हाय, त्याले मदतीले बोलवा.


कुरणवाला_आर्वी

दारव्ह्याचे भाऊ, तुमचा मेसेज वाचून मी खरंच घाबरलो. कुरणाच्या दोन बाजूंनी पऱ्हाटी आहे, एक माझीच आणि एक भावकीची. फोन करून बाटलीवरचं नाव विचारलं, तुम्ही म्हणता तेच निघालं. ते आता डोक्यातून काढून टाकलं.

ताई, आज सकाळी साडेनऊला मुलीला घेऊन गेलो, ती दहावीला आहे, तिच्याकडे शाळेतलं भिंग होतं. तुम्ही सांगितलेलं एकेक पाहिलं. फुलात मधोमध जोडलेली दांडी आहे, हो, अगदी भेंडीच्या फुलासारखी, इतके वर्ष हे फूल पाहतोय आणि कधी वाकून आत पाहिलं नव्हतं. पान गुळगुळीत, अरुंद. पानं दोन रांगांत, फांदी सपाट दिसते. पानाच्या बुडाची ती दोन पाती मुलीनंच शोधली, एक केसासारखं आणि एक रुंद, वेगवेगळी आहेत. वाटीखाली जास्तीची पाती नाहीत. कुंपणाकडच्या जुन्या झाडांवर फळं सुकायला लागली आहेत, पंधरा फळं चुरली, बहुतेकांत सहा फाका, दोन-तीन फळांत सात, टोकाला दोन कुसळं.

पण एक गंमत झाली. धुऱ्याजवळ पाच-सहा झाडं अशी निघाली की ज्यांचं पान मऊ मखमली आणि हृदयासारखं, काडीवर लव, फळाच्या फाका दहा आणि त्यांची कुसळं लांब, पँटला चिकटून घरी आली. म्हणजे कुरणात दोन वेगवेगळी झाडं आहेत आणि मी दोन्हीला एकच समजत होतो.

दुसरी गोष्ट सांगायची राहिली होती, ती लाज वाटते म्हणून लिहिली नव्हती पण लिहिलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी वडील आजारी होते, आम्ही नागपूरला दवाखान्यात, कुंपण खालच्या बाजूनं पडलं होतं आणि पूर्ण पावसाळाभर गावची ढोरं त्यात चरली. ढोरकी तरी काय करणार, त्याला मोकळं गवत दिसलं. गवत जमिनीला टेकलं होतं. त्याच्या पुढच्या वर्षापासून हे सुरू झालं. दोन्हीचा संबंध असेल का?


बॉटनीवाली_ताई

तुमच्या मुलीला माझ्याकडून शाबासकी सांगा. इतकं नेटकं निरीक्षण माझी बी.एस्सी.ची मुलं पण सहज करत नाहीत.

सहा-सात फाका, दोन आखूड कुसळं, असमान पाती, गुळगुळीत भाल्यासारखं पान, आखूड देठ. कुरणभर पसरलेलं ते तुपकडी म्हणजे सिडा अक्युटा. धुऱ्यावरची मखमली ती बला, सिडा कॉर्डिफोलिया. बलेची पाच-सहाच झाडं असतील तर राहू द्या असं मी म्हणेन, आयुर्वेदात तिच्या मुळीला मान आहे, फक्त कुरणाच्या आत शिरू देऊ नका. आणि घरच्या घरी काढा करून कोणाला पाजू नका, तिच्यात इफेड्रिन असतं, रक्तदाब आणि हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करणारं.

तुपकडी मूळची मध्य अमेरिकेकडची मानतात, आता जगभरच्या उष्ण प्रदेशांत झाली आहे. आणि संबंध आहे का विचारलंत, हो, थेट आहे. ढोरं गवत खातात, तिला सोडतात. गवत पुन्हा पुन्हा जमिनीपर्यंत खाल्लं गेलं की त्याच्या मुळातला साठा संपतो, मधे मोकळी माती उघडी पडते, आणि बी तर त्याच ढोरांच्या केसात, खुराच्या चिखलात अडकून आलेलं असतं. बियांचं कवच कडक असल्यामुळे सगळं बी एकाच पावसात उगवत नाही, थोडं थोडं करून वर्षानुवर्षं उगवत राहतं. लाज वाटण्यासारखं यात काही नाही, वडील आजारी असताना कुंपण कोण बघणार.


गुरांचा_डॉक्टर

उशिरा बघितला धागा. मी पशुवैद्यक आहे, अकोला भागात काम करतो. गंजीबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

वाळलेल्या गवतात तुपकडीच्या काड्या आल्या तर गाय त्या बाजूला सारते, तिला पोसण्यासारखं त्यात काही नाही, नुसता धागा. नुकसान दुसरीकडे आहे. तुम्ही पेंढी वजनावर किंवा नगावर मोजता, त्यातला तिसरा हिस्सा काडी असेल तर उन्हाळ्याचा हिशोब चुकतो आणि एप्रिलमध्ये कळतं की चारा संपला. शिवाय गव्हाणीत उरलेली काडी बियांसकट उकिरड्यावर जाते, तिथून शेणखतात, तिथून वावरात. म्हणून उरलेलं उष्टं उकिरड्यावर नको, ते वेगळं गोळा करून चुलीत घाला.

शेळ्या सोडून हे चारून टाकू का असं तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. शेळ्या कोवळे शेंडे खातात हे खरं. पण ब्राझीलमध्ये याच गटातल्या सिडा कार्पिनिफोलियावर शेळ्या खूप दिवस राहिल्या तेव्हा त्यांना मज्जासंस्थेचा आजार झाला, मान थरथरणे, चाल अडखळणे, आणि त्याचं कारण म्हणून स्वेनसोनिन नावाचं द्रव्य त्या झाडात सापडलं. आपल्याकडे येता-जाता चार शेंडे खाल्ल्यानं शेळीला काही होताना मी पाहिलं नाही, पण तण संपवायचं म्हणून शेळ्या त्याच कुरणात महिनाभर कोंडून ठेवू नका.

आणि दिवाळीनंतर कापता म्हणालात, तो उशीर आहे हो. गवत निम्मं फुलोऱ्यात असताना कापलं तर पोषण जास्त मिळतं, बी गळून पिवळं पडल्यावर प्रथिनं उतरलेली असतात आणि उरते ती काडी. कुसळी असलेल्या कुरणात तर लवकर कापणं अजून गरजेचं, पिकलेली कुसळं जनावराच्या तोंडात रुततात.


शेतीतला_पोऱ्या

एक विचारू का, गाजर गवतावर तो मेक्सिकन भुंगा सोडतात ना, तसं याच्यावर काही सोडता येत नाही का? म्हणजे मेहनतच नको.


बॉटनीवाली_ताई

चांगला प्रश्न. गाजर गवतावरचा भुंगा झायगोग्रामा, तो १९८४ मध्ये आपल्याकडे आणला. तुपकडीसाठी ऑस्ट्रेलियानं असंच केलं, तिथं उत्तरेकडच्या कुरणांत हे तण फार माजलं होतं म्हणून १९८९ मध्ये मेक्सिकोतूनच कॅलिग्राफा पँथेरिना नावाचा पानं खाणारा भुंगा आणून सोडला आणि त्याचा बराच उपयोग झाला. पण आपल्याकडे भेंडी, अंबाडी, कापूस ही सगळी त्याच घराण्यातली पिकं आहेत, बाहेरचा किडा आणायचा म्हणजे सरकारी संस्थांनी वर्षानुवर्षं तपासूनच. तो शेतकऱ्याच्या हातातला उपाय नाही, आपल्या हातात टिकास आहे.


माळरान_कारंजा

मी वाशिम जिल्ह्यातल्या कारंजाचा. आमच्या बाजूला काळविटांचं कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, माळरान बघतच मोठा झालो, आणि गावातल्या काही पोरांसोबत मिळून आम्ही गावच्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या जमिनीचा एक तुकडा पाच वर्षं राखला, तिथं हेच तण होतं, त्यामुळं जे केलं ते सांगतो, जे फसलं तेही सांगतो.

पहिल्या वर्षी आम्ही विळ्यानं कापलं. चूक होती. हे बहुवर्षायू आहे, तुम्ही जितकं वरून कापाल तितकं ते बुडातून झुपकेदार होते, आणि पुढच्या वेळी विळा लागूच नये इतकं खाली पसरते. दुसऱ्या वर्षी उपटलं, पण कोरड्या दिवसात, तिथंही फसलो, काडी तुटून मूळ आत. तिसऱ्या वर्षी गमक सापडलं. चांगला पाऊस झाल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जायचं, बरड जमीन असेल तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नका, ती लगेच आवळते. दोघं मिळून काम करा, एकानं टिकासाचं टोक झाडाच्या बाजूनं तिरपं घालून उचलायचं आणि दुसऱ्यानं काडी बुडापासून धरून ओढायची. सगळं सोटमूळ आलं तर उत्तमच, नाही आलं तरी फांद्या जिथून फुटतात ती गाठ जमिनीखाली दोन-तीन बोटं जाते, त्या गाठीच्या खालून तुटलं पाहिजे. गाठ राहिली की झाड राहिलं.

आणि सगळं एकदम करायला जाऊ नका. आधी कडेची विरळ झाडं काढा जिथं गवत अजून धडधाकट आहे, तिथून आत आत सरकत जा. आम्ही उलटं केलं, सगळ्यात दाट जागेपासून सुरू केलं, पंधरा दिवस तिथंच घातले, जमीन उघडी पडली आणि पुढच्या पावसात त्याच जागेवर हजारो रोपं. तोवर कडेची चार झाडं चाळीस झाली. दाट जागा शेवटी घ्यायची आणि ती घेतली की रिकामी ठेवायची नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला मारवेलची ठोंबं हातभर अंतरावर लावा, तुमच्याच कुरणातून चांगल्या जागेवरची काढा, बाहेरून आणायची गरज नाही. पवन्याचं बी तुमच्याकडं पिकतेच, कापणीच्या वेळी दोन-चार पट्टे न कापता ठेवा, बी तिथंच गळू द्या. मधे स्टायलो नावाचा शेंगवर्गीय चारा टाकला तर ढोरांना प्रथिनं मिळतात आणि जमीनही झाकते, फक्त बी पेरायच्या आधी गरम पाण्यातून काढावं लागते, नाहीतर उगवत नाही.

यंदासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फळ सुकायच्या आत. तुम्ही लिहिलं की कुंपणाकडच्या झाडांची फळं सुकायला लागलीत, म्हणजे तुमच्याकडं दिवस नाहीत, आजपासूनच तिथं हात घाला. जी झाडं उपटणं होणार नाही त्यांचे निदान फळाचे शेंडे कापून पोत्यात भरा, कुरणात टाकू नका. कापलेलं फळ जमिनीवर पडूनही पिकते.

डॉक्टर साहेबांनी लवकर कापा म्हटलं ते बरोबरच, पण माझं एक म्हणणं आहे की पूर्ण कुरण लवकर कापू नका. आमच्या भागात माळरानात पावसाळ्यात तणमोर दिसायचे, उंच गवतात अंडी घालणारा पक्षी, आणि लावे-तितर तर तुमच्याकडंही असतील. अर्धं फुलोऱ्यात कापा, अर्धं बी गळल्यावर, पुढच्या वर्षी अदलाबदल. गवताला पण बी टाकायला एक आड एक वर्ष मिळते. गवत उभं राहिलं, दाट झालं की तुपकडीचं बी असूनही तिला जागा मिळत नाही, हे मी पाचव्या वर्षी स्वतः पाहिलं, आमच्या तुकड्याच्या आत हाताच्या बोटावर मोजण्याएवढी झाडं होती आणि तारेपलीकडे जिथं ढोरं बाराही महिने चरतात तिथं तेच पिवळं रान.


पऱ्हाटीवाला_दारव्हा

कारंजाच्या भावाचं कडेपासून आत याचं लय पटलं. माह्या वावरात कुंद्याले मी असंच आवयलं.


कुरणवाला_आर्वी

मंडळी, उशीर झाला उत्तर द्यायला, कामातच होतो. शनिवारी रात्री चांगला पाऊस पडला, रविवारी सकाळी सहाला आम्ही पाचजण, मी, बायको, मुलगी, भावकीतला पऱ्हाटीवाला भाऊ आणि एक सालदार. आधी कुंपणाकडची सुकत्या फळांची झाडं, शेंडे कापून नऊ पोती भरली, ती घरामागं नेऊन जाळली. मग टिकासानं उपटणं. दुपारी एकपर्यंत कुंपणाची पूर्ण खालची बाजू आणि आत बारा-पंधरा पावलं रुंदीची पट्टी साफ झाली. जमीन ओली होती तोवर मूळ सरळ येत होतं, एक तर माझ्या हाताच्या कोपरापर्यंत लांब निघालं, मुलीनं ते वर्तमानपत्रात दाबून ठेवलं आहे फूल-फळासकट, शाळेच्या प्रकल्पासाठी. बाराच्या पुढं ऊन तापलं आणि मुळं तुटायला लागली, कारंजाचे भाऊ म्हणतात तेच, म्हणून थांबलो. ज्या जागी तुटली तिथं मुलीनं तुराट्या रोवून खुणा केल्या, त्या परत उकरायच्या आहेत.

आईनं उपटलेल्या सोललेल्या काड्यांचा एक जुडा बांधला, अंगण झाडायला. ती म्हणते तिच्या माहेरी याचेच खराटे करायचे, मला हे माहीतच नव्हतं. तिच्याकडून ते फळ नसलेल्याच काड्यांचे करून घेतले.

बलेची सहा झाडं धुऱ्यावर ठेवली आहेत. खालच्या अर्ध्या भागातलं गवत निम्मं फुललंय, ते पुढच्या आठवड्यात उघाड मिळाली की कापतो, वरचा भाग तिखाडीसकट दिवाळीनंतर. कुंपणाचे अकरा खांब बदलले. ढोरक्याशी पण बोललो, रागावलो नाही, त्याला सांगितलं की उन्हाळ्यात गवत लागलं तर माझ्याकडून दोन पेंढ्या ने पण पावसाळ्यात आत घालू नको.

एक विचारायचं राहिलं. मारवेलची ठोंबं आता सप्टेंबरच्या शेवटी लावली तर जगतील का, का पुढच्या जूनची वाट पाहू? साफ केलेली पट्टी उघडी पाहून जीव राहत नाही.


माळरान_कारंजा

बरडावर आता नका लावू, पाऊस गेला की पाणी देणं होणार नाही आणि ठोंबं मरतील. त्या पट्टीवर लवकर कापलेलं पवन्याचं गवत पातळ अंथरून ठेवा, फळवाली तुपकडी त्यात नाही एवढं बघून. माती झाकून राहील. जूनमध्ये पहिला ओलावा चांगला मुरला की ठोंबं लावा, आणि लावताना पट्टीत तुपकडीची कोवळी रोपं दिसतील, दोन-चार पानांवर असतात तेव्हा ती खुरप्यानं सहज निघतात, निंदण करूनच लावा. गरज पडली तर सांगा, आर्वी काही लांब नाही, आम्ही दोघं-तिघं एक दिवस येऊ.


कुरणवाला_आर्वी

या भाऊ, नक्की या. जूनला पाऊस पडला की मीच फोन करतो.